लॅम्बर्ट : शिंप्याचा मुलगा आणि एक अवघड समीकरण

म्युलूझ हे नगर आज फ्रान्समध्ये आहे; परंतु अठराव्या शतकात ते स्वित्झर्लंडच्या राज्यसंघाशी मैत्री राखणारे एक लहानसे स्वतंत्र नगर होते. तेथे एका शिंप्याच्या घरी २६ ऑगस्ट १७२८ रोजी योहान हाइनरिख लॅम्बर्ट यांचा जन्म झाला. घरात पाच मुलगे आणि दोन मुली. मिळकत मात्र तुटपुंजी. त्यामुळे वयाच्या बाराव्या वर्षी योहानची शाळा सुटली व तो वडिलांच्या हाताखाली कामाला बसला. शिकणे मात्र सुटले नाही. दिवसाचे काम आटोपले, की रात्री तो पुस्तके उघडून बसे.

पंधराव्या वर्षी तो एका लोखंडाच्या कारखान्यात कारकून झाला, तर सतराव्या वर्षी बाझेल येथील एका वृत्तपत्राच्या संपादकाचा लेखनिक. या नोकरीत थोडी सवड मिळे. त्या सवडीत त्याने व्होल्फ, लॉक अशा तत्त्वज्ञांचे ग्रंथ वाचून काढले आणि गणिताचा अभ्यासही स्वतःच्या बळावर पुढे नेला. १७४८ मध्ये कूर येथील सालिस या सरदार घराण्यात मुलांचे शिक्षक म्हणून लॅम्बर्ट यांची नेमणूक झाली. त्या घरातील समृद्ध ग्रंथालय त्यांना खुले होते. ज्याला शाळेचे दार बारा वर्षांच्या वयात बंद झाले, त्याला हे दुसरे दार विसाव्या वर्षी उघडले, आणि पुढील सुमारे दहा वर्षांचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला.

१७५८ मध्ये त्यांचा शुद्ध गणितावरील एक लेख प्रसिद्ध झाला. त्याचे महत्त्व कळण्यासाठी एक उदाहरण पाहू. तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस, हे समीकरण कोणीही सोडवील. पण दोनाचा क्षवा घात बरोबर चार क्ष, असे असेल तर? येथे एका बाजूस क्ष घातांक होऊन वर बसला आहे, तर दुसऱ्या बाजूस तो साधा गुणला गेला आहे. लघुगणक घेऊन पाहावे, तर डावीकडचा क्ष खाली उतरतो. पण त्याच क्षणी उजवीकडचा क्ष लघुगणकात अडकतो. अंदाजाने ४ हे उत्तर सापडते, कारण दोनाचा चौथा घात १६ आणि चार गुणिले चारही १६. परंतु ०.३०९९ च्या जवळ आणखी एक उत्तर दडलेले असते, ते अंदाजाने सहसा हाती लागत नाही.

लॅम्बर्ट यांचे समीकरण अगदी हेच नव्हते. त्यात क्ष, क्षचा एखादा घात आणि एक ज्ञात संख्या अशी तीन पदे होती. सरळ सूत्र मिळेना, तेव्हा त्यांनी क्षची किंमत न संपणाऱ्या श्रेढीच्या रूपाने मांडली. श्रेढीतील एकेक पद मिळवत गेले, की योग्य परिस्थितीत उत्तराच्या अधिकाधिक जवळ जाता येते.

यानंतर त्यांची कीर्ती वाढत गेली. १७६० मध्ये प्रकाशाच्या मापनावरील त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. १७६४ मध्ये ते बर्लिनला आले. त्यांचा विचित्र पोशाख व वागणे पाहून राजा फ्रेडरिक प्रथम साशंक झाला, असे सांगतात. तरीही १७६५ मध्ये तेथील विज्ञान अकादमीत त्यांना स्थान मिळाले. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, म्हणजे पाय, ही संख्या कोणत्याही अपूर्णांकाने नेमकी दाखवता येत नाही, ही त्यांची सिद्धता अकादमीने १७६८ मध्ये प्रसिद्ध केली. २५ सप्टेंबर १७७७ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची श्रेढी मात्र मागे राहिली. थोर गणिती ऑयलर यांनी त्या समीकरणाला अधिक डौलदार रूप दिले आणि त्यातील दोन घातांक एकमेकांच्या अगदी निकट आणले. तसे करताच घातांच्या वजाबाकीतून लघुगणक प्रकटला, आणि घातांकी व एकघाती पदे एकत्र असलेल्या समीकरणाची वाट मोकळी झाली. ऑयलर यांचा हा लेख १७८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास लॅम्बर्ट हयात नव्हते.

एखाद्या संख्येस 'ई' या स्थिरांकाच्या तितक्याव्या घाताने गुणले असता जो गुणाकार येतो, त्यावरून मूळ संख्या शोधून देणाऱ्या फलनाला आज लॅम्बर्ट डब्ल्यू फलन म्हणतात. १९९६ मध्ये डोनाल्ड क्नूथ आणि इतर चौघांनी लिहिलेल्या एका लेखामुळे हे नाव सर्वमान्य झाले. वास्तविक लॅम्बर्ट यांनी हे फलन स्वतः कधी लिहिले नव्हते, आणि ऑयलर यांचा हक्कही काही कमी नव्हता. पण ऑयलर यांच्या नावाने गणितात आधीच इतक्या गोष्टी आहेत, की ही एक लॅम्बर्टना मिळाली, हे मला योग्यच वाटते. वरील उदाहरणातील दोन्ही उत्तरे या फलनाच्या दोन शाखांतून निघतात. तापलेल्या वस्तूचा प्रकाश कोणत्या तरंगलांबीवर सर्वाधिक असतो आणि त्यावरून सूर्यासारख्या ताऱ्याचे तापमान कसे काढावे, याच्या गणितातही असेच मिश्र समीकरण येते. प्रकाश मोजण्यात उमेदीची वर्षे घालवणाऱ्या लॅम्बर्ट यांचेच फलन तेही समीकरण सोडवून देते.