आधी आपल्या लेकींची शाळा

वाचकहो, 1897 मध्ये टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी (1844–1906) तुम्हांस ठाऊक असतील. त्यांचे घरही पाहा. बीडमध्ये जुम्याच्या बयानात इल्मची फजिलत ऐकून आपण मान डोलावतो आणि दहावीनंतर मुलीला घरी बसवतो; सूरह सफ्फमधील सवाल आपल्यालाच आहे. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामचे (1874) हे संस्थापक 1903 च्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेत अध्यक्ष म्हणून स्त्रीशिक्षणाचा आग्रह धरत होते. पडद्याविषयीचे त्यांचे मत मला मान्य नाही. मात्र त्यांची कथनी आणि करणी वेगळी नव्हती. आपल्या साऱ्या लेकींना त्यांनी मुंबईत शिकविले. दोघींना तर 1904 मध्ये इंग्लंडमधील हॅसलमियरच्या निवासी शाळेत पाठविले.