प्लेगची लस शोधणारे हाफकिन आणि एका बाटलीचा ठपका

१९९४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ताप आणि जांघेत-काखेत गाठ असे रुग्ण आढळले आणि प्लेगची धास्ती पुन्हा घराघरांत शिरली. मी तेव्हा शाळेत होतो. आजीला मात्र हे नाव नवीन नव्हते. अशी दुखरी गाठ आणि जोराचा ताप असेल तर आजही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर प्लेग बरा होतो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा असे एकही औषध नव्हते. मदतीला कलकत्त्याहून आलेले वाल्डेमार हाफकिन डॉक्टरही नव्हते. ते होते जीवशास्त्रज्ञ. जन्म १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. तिथल्या विद्यापीठात ते मेचनिकोव्ह यांच्या हाताखाली शिकले. ज्यू असल्यामुळे धर्म बदलल्याशिवाय प्राध्यापकी मिळणार नव्हती. त्यांनी धर्म बदलला नाही. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले, तेव्हा काम मिळाले ग्रंथालयातले. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या लहानशा जागेत त्यांनी प्लेगचे जंतू मांसाच्या रश्शात वाढवले. वर थोडे तूप सोडले की जंतू त्याला धरून खाली लोंबत वाढतात! मग उष्णता देऊन ते मारायचे. मेलेला जंतू आजार देऊ शकत नाही, पण शरीर त्याची ओळख ठेवते. लसीनेच आजार होतो का, असे मला दवाखान्यात नेहमी विचारतात, म्हणून हे सांगितले. ताप मात्र येतो. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला लस टोचली, तेव्हा त्यांनाही आला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तयार असलेल्या कैद्यांना लस दिली आणि न घेतलेल्यांशी तुलना केली. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी दिसला. संरक्षण पूर्ण नव्हते, पण होते.

मग ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मलकोवाल गावात एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना कामावरून दूर केले गेले. वास्तविक त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना धनुर्वात झाला नव्हता. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हेही पुढे आले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. पाच वर्षे गेली ती गेलीच. कलकत्त्यात त्यांना पुन्हा नेमले, पण पूर्वीसारखे काम परत मिळाले नाही. माझ्या मते त्या १९ कुटुंबांवर आणि या माणसावर, दोघांवरही अन्याय झाला. कारण खरी चूक कुठे झाली हे उशिरा बोलले गेले.

१९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ते वारले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्येच त्यांचे नाव दिले होते. ऊसतोडीच्या फडात साप चावलेल्या माणसाला इंजेक्शन देताना त्या बाटलीवर ते नाव मी अनेकदा वाचले आहे.