भूलोकमल्ल सोमेश्वर

बीदर जिल्ह्यात, जेथे मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा कानी पडतात, तेथे बसवकल्याण नावाचे गाव आहे. चालुक्य राजांची राजधानी कल्याणी ती हीच. आपल्या खाडीकाठचे कल्याण निराळे. या कल्याणीत विक्रमादित्य सहावा या पराक्रमी राजाने इ. स. १०७६ पासून सुमारे पन्नास वर्षे राज्य केले. 'मिताक्षरा' लिहिणारा विज्ञानेश्वर आणि काश्मीरहून आलेला कवी बिल्हण त्याच्या आश्रयास होते. अशा सभेच्या सहवासात राजपुत्र सोमेश्वर वाढला.

इ. स. ११२६ च्या सुमारास तो गादीवर बसला. भूलोकमल्ल, म्हणजे पृथ्वीवरील मल्ल, हे बिरुद त्याने घेतले खरे. परंतु लोकांनी त्याला सर्वज्ञ म्हणून ओळखले. दक्षिणेकडे होयसळ राजा विष्णुवर्धन स्वतंत्र होण्याची संधी शोधीत होता. अशा वेळी राजाने तलवारीपेक्षा लेखणीकडे अधिक लक्ष द्यावे, हे कित्येकांना रुचले नसेल. तरीही शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ मध्ये त्याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला.

या ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत. राज्य कसे मिळवावे आणि कसे राखावे, येथून प्रारंभ करून राजा अन्नपाणी, हत्ती, घोडे, मासे, संगीत अशा नाना विषयांत शिरतो. महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओव्या गातात, ही नोंदही त्याने करून ठेवली आहे. एवढ्या मोठ्या राजाचे लक्ष उखळ-मुसळाकडे गेले, याचे कौतुक वाटते.

शेवटच्या भागात खेळांचे वर्णन आहे. त्यांतच चतुरंग, म्हणजे बुद्धिबळाचा जुना खेळ, येतो. पटावर चौसष्ट घरे. घोडा अडीच घरे चालतो. त्याने एकाही घरात दुसऱ्यांदा न जाता सगळी घरे फिरून यावीत, असे एक अवघड कोडे आहे. ज्याला तो मार्ग पाठ असे, तो सहज करून दाखवी. इतरांनी नुसते पाहत राहावे! हा मार्ग नवशिक्याला लिहून कसा द्यावा? ग्रंथ पद्यात होता. आकृती काढावी, तर नकलकार ती उतरताना चुकण्याचे भय.

सोमेश्वराने बाराखडीचा आधार घेतला. पटाच्या एका बाजूस आठ व्यंजने आणि दुसऱ्या बाजूस आठ स्वर योजले. व्यंजन आणि स्वर मिळून एक अक्षर होते. ते अक्षर हेच त्या घराचे नाव. समजा, उभ्या ओळींना क, ख, ग, घ, च, छ, ज, झ आणि आडव्या ओळींना अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ अशी नावे दिली. मग कोपऱ्यातले पहिले घर 'क'. तेथून घोडा 'गा' या घरात जाईल, 'गा' वरून 'घी' मध्ये. राजाने निवडलेली व्यंजने याहून निराळी होती, परंतु रीत हीच. पाटीवर पट आखून बोट ठेवीत गेले, की पहिल्या दिवशी चुका होतात; दोन-चार दिवसांत अक्षर वाचताच घर दिसू लागते. चौसष्ट अक्षरे लिहिली, की घोड्याची सारी फेरी लिहून झाली.

पुढे सुमारे सहाशे वर्षांनी, १७३७ मध्ये, अलेप्पो येथील फिलिप स्टामा याने पॅरिसमध्ये बुद्धिबळावर ग्रंथ छापला. त्यात त्याने घरांना एक अक्षर आणि एक अंक अशी नावे दिली. आज जगभर डाव लिहितात ते याच रीतीने. 'क, गा, घी' हा आपला मार्ग आजचा खेळाडू 'ए १, सी २, डी ४' असा लिहील.

इ. स. ११३८ च्या सुमारास सोमेश्वर निवर्तला. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत कलचुरी बिज्जलाने कल्याणी बळकावली. साम्राज्य मोडले, ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती मात्र कोठे कोठे टिकून राहिल्या. गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनी त्या तपासून संपादन केले आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५, १९३९ व १९६१ साली ग्रंथाचे तीन खंड प्रसिद्ध झाले. घोड्याची चाल आजही तीच, अडीच घरांची आहे.