शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर : घडवलेला पुरुषदेह

चरित्र म्हटले की राजे, संत, समाजसुधारक आणि लेखक यांची नावे आपल्या मनात प्रथम येतात. कलावंताचे चरित्र वाचण्याची सवय आपल्याला कमी आहे आणि शिल्पकाराचे चरित्र वाचण्याची तर त्याहूनही कमी. कारण उघड आहे. पुतळा ज्याचा असतो त्याचे नाव चौथऱ्यावर ठळक अक्षरांत कोरलेले असते. तो ज्याने घडवला त्याचे नाव शोधावे लागते. या घटकात आपण अशाच एका नावाचा परिचय करून घेणार आहोत. तो करून घेताना एक प्रश्न सतत जवळ ठेवावा : पुरुषाचे सामर्थ्य शिल्पात दाखवायचे ते देहाच्या कोणत्या भागात?

तुमच्यापैकी जे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहतात त्यांना या प्रश्नाचे एक जुने उत्तर घराजवळच सापडेल. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील असून तेथील शिलालेख इ. स. 1060 चा आहे. काळ्या पाषाणाच्या त्या भिंतींवरील पुरुषाकृती नीट न्याहाळा. ऊनपावसाने त्या झिजल्या आहेत, तरी त्यांची घडण अजून कळते. दंडावर फुगलेले स्नायू नाहीत, छातीवर ताणलेल्या शिरा नाहीत. देह भरीव आहे, पण आतून श्वासाने भरल्यासारखा. सामर्थ्य दाखवले आहे ते उभे राहण्याच्या रीतीतून, कमरेच्या बाकातून, हातांच्या मुद्रेतून. भारतीय शिल्पपरंपरेला पुरुष दिसला तो असा.

1868 साली मुंबई सरकारने या मंदिराची पाहणी करविली, तेव्हा शिल्पांची रेखाटने आणि साचे करण्यासाठी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी तेथे आले होते. गंमत अशी की, त्याच कलाशाळेच्या वर्गात विद्यार्थ्यांसमोर ठेवले जात ते ग्रीक आणि रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे नमुने. तेथील पुरुष वेगळा होता : प्रत्येक स्नायू मोजून घ्यावा असा, उघडा, खेळाडूचा किंवा योद्ध्याचा देह. पुढे कित्येक दशके महाराष्ट्रातील होतकरू कलावंत हे दोन पुरुष डोळ्यांसमोर ठेवून वाढला. विनायक करमरकर हे त्यांपैकीच एक.

करमरकरांचा जन्म 2 ऑक्टोबर 1891 रोजी, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या सासवणे या समुद्रकाठच्या गावी झाला. घरी गणपतीच्या मूर्ती घडविण्याची परंपरा होती. हाताला मातीची ओळख झाली ती कलाशाळेत नव्हे, तर भाद्रपदापूर्वीच्या त्या घाईच्या दिवसांत. गणपतीची मूर्ती घडवणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते : बैठक चुकली की मूर्ती बसत नाही, नुसती ठेवलेली वाटते. करमरकरांच्या पुढील कामाकडे पाहताना हा धडा आपल्याला वारंवार आठवेल.

गावातील राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. जिल्ह्याचे कलेक्टर ओटो रॉथफेल्ड यांच्या ते पाहण्यात आले आणि त्यांनी पुढाकार घेऊन विनायकाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाण्याचा मार्ग खुला करून दिला, ही हकीकत करमरकरांच्या प्रत्येक परिचयात येते. (हेच रॉथफेल्ड पुढे भारतीय स्त्रियांवरील एका ग्रंथाचे लेखक म्हणून प्रसिद्ध झाले, त्या ग्रंथाची चित्रे रावबहादूर धुरंधरांची आहेत.) एका इंग्रज अधिकाऱ्याने शिवाजीचे चित्र काढणाऱ्या मुलाला हात द्यावा, यात तुम्हाला विसंगती वाटेल. पण त्या काळचे जीवन अशा विसंगतींनी भरलेले होते, आणि करमरकरांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कामातही ती पुन्हा भेटणार आहे.

कलाशाळेत त्यांनी मेयो पदक मिळविले. परंतु नग्न जिवंत मॉडेल समोर बसवून मानवदेहाचा अभ्यास करण्याची सोय तेव्हा तेथे रुळलेली नव्हती. ती 1919 नंतर, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत आली. तोवर करमरकर मुंबई सोडून गेले होते. टागोर घराण्यातील सुरेंद्रनाथ यांच्या आग्रहावरून 1916 च्या सुमारास ते कलकत्त्याला गेले आणि तेथे त्यांनी व्यक्तिशिल्पे घडविण्याचा व्यवसाय सुरू केला. 1920 च्या आसपास ते इंग्लंडला गेले. लंडनच्या रॉयल अकादमीत त्यांचे शिक्षण झाले आणि युरोपातील संग्रहालये पाहून ते परतले. काही काळाने मुंबई हेच त्यांच्या कामाचे केंद्र झाले.

आता आपण त्या पुतळ्याकडे वळू, ज्यामुळे हे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले. पुण्यात शिवस्मारक व्हावे ही खटपट कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांची. नोव्हेंबर 1921 मध्ये ब्रिटिश युवराजाच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. पुढच्याच वर्षी शाहू महाराज निवर्तले आणि कार्याची धुरा राजाराम महाराजांकडे आली.

या स्मारकात अनेकांचे अनेक हेतू गुंतलेले होते. इंग्रजांनी हिंदुस्थानातील जातिजमातींची लढाऊ आणि बिगरलढाऊ अशी वाटणी केली होती. सुशिक्षित हिंदी माणसाला ते उघडपणे दुबळा, पुरुषार्थहीन ठरवीत. मराठा सैनिक मात्र पहिल्या महायुद्धात त्यांच्या बाजूने लढले होते, म्हणून त्याच्या शौर्याचा गौरव करणे सरकारला सोयीचे होते. राष्ट्रीय चळवळीला शिवाजी हवा होता तो परकी सत्तेशी झुंजणारा. सत्यशोधक परंपरेला हवा होता तो रयतेचा, कुळवाड्यांचा राजा. एकाच ब्राँझच्या देहात या सर्वांना आपापला पुरुष पाहायचा होता. शिल्पकारापुढची अडचण केवळ तांत्रिक नव्हती, हे यावरून तुमच्या ध्यानी येईल.

करमरकरांनी ती कशी सोडविली? ग्रीक नमुन्यावर वाढलेल्या शिल्पकाराला वीरपुरुष म्हणजे उघडी छाती आणि ताणलेले बाहू, असा मोह पडणे स्वाभाविक होते. येथे नायकाचा देह वस्त्रांनी झाकलेला आहे. पिळदार स्नायूंचे जे काही प्रदर्शन आहे ते घोड्याच्या वाट्याला आले आहे. स्वाराकडे राहते ती बैठक. एवढ्या मोठ्या जनावरावर तो सहज बसलेला आहे आणि त्या सहजपणातच त्याची सत्ता दिसते. पुरुषार्थ म्हणजे बळ नव्हे, बळावरचा ताबा, असे हे शिल्प सांगते असे मला वाटते. पुढच्या काळात गावोगावी जे अश्वारूढ पुतळे उभे राहिले त्यांपैकी अनेकांत आवेश वाढत गेला आणि हा ताबा सुटत गेला, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

पुतळा सुमारे साडेतेरा फूट उंच आणि आठ टनांच्या घरात वजनाचा. अनावरणाची घटिका जवळ आलेली, हाताशी वेळ अगदी थोडा. अशा वेळी करमरकरांनी तो मुंबईच्या माझगाव गोदीत एकसंध ओतविला. यातील धोका समजून घ्या. एरवी एवढा पुतळा तुकड्यांनी ओततात आणि मग जोडतात; एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा करता येतो. सलग ओतकामात वितळलेला धातू साच्याच्या टोकाटोकापर्यंत तापलेल्या स्थितीतच पोहोचावा लागतो. वाटेत तो थंड झाला, किंवा आतली हवा बाहेर पडायला वाट उरली नाही, तर पोकळी राहते आणि सगळी मेहनत वाया जाते. धातू निवून साचा फोडेपर्यंत आत काय झाले आहे हे कोणालाही सांगता येत नाही. भट्टीवरच्या कामगारांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्या दिवशी पुतळा त्यांच्याच हातांत होता.

ओतकाम साधले. पुतळा रेल्वेने पुण्याला निघाला. मुंबईहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग कल्याण सोडल्यावर अंबरनाथ आणि बदलापूर ओलांडून कर्जतला आणि तेथून बोरघाटात शिरतो. उल्हासनगर हे नावही तेव्हा नव्हते. ते वसले फाळणीनंतर, निर्वासित सिंधी कुटुंबांच्या वसाहतीतून. घाटातील बोगद्यांची उंची आणि स्वाराच्या मस्तकाची उंची यांचा मेळ घालत ते ओझे वर चढले. शिलाहारांच्या पाषाणातील पुरुष ज्या गावी आठशेहून अधिक वर्षे उभे होते, त्याच गावावरून हा ब्राँझचा पुरुष गेला. 16 जून 1928 रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुण्यात त्याचे अनावरण झाले. स्वराज्याच्या संस्थापकाच्या पुतळ्यावरील पडदा परकी सत्तेच्या प्रतिनिधीने दूर केला. श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात हे शिल्प आजही उभे आहे. पुण्यास गेलात तर अवश्य पाहा, आणि समोरून पाहून झाल्यावर बाजूने पाहा.

या यशानंतर मानसन्मान आले, व्यक्तिशिल्पांची कामे आली. नामवंतांचे पुतळे हा शिल्पकाराच्या उपजीविकेचा आधार असतो आणि त्यात त्याला फारसे स्वातंत्र्य नसते. पगडी, उपरणे, हातातली काठी, सर्व ठरलेले. करमरकरांचा खरा कल कुठे होता हे पाहायचे तर सासवण्यालाच जावे लागते. तेथे समुद्राजवळ त्यांनी घर बांधले, आणि त्या घरात व अंगणात त्यांनी घडविलेली माणसे आज शिल्पालयाच्या रूपाने उभी आहेत. त्यांचा ‘मत्स्यगंधा’ हा कोळिणीचा पुतळा आणि ‘शंखध्वनी’ हे शिल्प प्रसिद्ध आहेतच. पण तुम्ही गावची साधी माणसे पाहा. दारातली म्हैससुद्धा पाहा. यांतील पुष्कळ कामे त्यांनी सिमेंट काँक्रीटमध्ये केली. ब्राँझ महाग, संगमरवर त्याहून अवघड. सिमेंट हे घर बांधणाऱ्या गवंड्याचे साहित्य. कष्टाच्या देहाला ते करडे, खरखरीत द्रव्य असे काही शोभते की ते काटकसरीपोटी निवडले की आवडीने, हा प्रश्न मागे पडतो. येथे कोणी कोणावर विजय मिळवलेला नाही. देह काम करून थकला आहे आणि शिल्पकार त्याला थकलेलाच राहू देतो.

भारत सरकारने 1962 साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले आणि 1964 साली ललित कला अकादमीने त्यांना फेलो म्हणून सन्मानित केले. 13 जून 1967 रोजी त्यांचे निधन झाले. सासवण्याचे शिल्पालय त्यांच्या कुटुंबीयांनी जपले असून अलिबागला जाणारे प्रवासी वाट वाकडी करून ते पाहण्यास जातात.