आईचे पित्तखडे काढणारा शल्यविशारद अखेर त्याच विकाराचा बळी : डॉ. विल्यम हॅल्स्टेड

नवी दिल्ली, ७ सप्टेंबर : अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी येथे १८८२च्या सुमारास एका रात्री तिशीतील एका डॉक्टरला तातडीने बोलावणे आले. रुग्ण त्याची आईच होती. तिला ताप होता, डोळ्यांत कावीळ उतरली होती आणि उजव्या बरगडीखाली हातही लावू देणार नाही इतकी दुखरी गाठ होती. पहाटे दोनच्या सुमारास स्वयंपाकघरातील टेबलावर आईला निजवून त्याने तिचे पोट उघडले, पित्ताशयात साचलेला पू वाहू दिला आणि आतील सात खडे बाहेर काढले. आई बरी झाली. अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या पित्ताशय-शस्त्रक्रियांमध्ये या शस्त्रक्रियेची गणना होते. तो डॉक्टर म्हणजे विल्यम स्टुअर्ट हॅल्स्टेड. पुढे ते आधुनिक अमेरिकी शल्यशास्त्राचे एक शिल्पकार ठरले आणि ७ सप्टेंबर १९२२ रोजी पित्तखड्यांवरील दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले.

पित्ताशय म्हणजे यकृताखाली चिकटलेली नासपतीच्या आकाराची छोटी पिशवी. यकृतात तयार होणारे पित्त तिच्यात साठते, घट्ट होते आणि स्निग्ध आहार पोटात गेला की आतड्यात सोडले जाते. हे पित्त साकळून खडे बनले आणि एखादा खडा तोंडाशी अडकला, की उजव्या कुशीतून पाठीपर्यंत जाणारी कळ उठते. हॅल्स्टेड यांनी आईच्या बाबतीत पिशवी रिकामी केली. ती काढून टाकली नाही. पिशवीच काढून टाकण्याचे धाडस त्याच वर्षी बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख यांनी केले. मृतदेहांवर दीर्घ सराव केल्यानंतर १५ जुलै १८८२ रोजी त्यांनी ४३ वर्षांच्या एका पुरुषाचे पित्ताशय काढले. सोळा वर्षे कळा सोसून तो खंगला होता आणि वेदनाशमनासाठी घेतलेल्या मॉर्फिनच्या आहारी गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याला ताप नव्हता आणि सहा आठवड्यांनी तो घरी गेला. खडे काढले तरी पिशवी राहिली तर पुन्हा खडे होणार, हा लांगेनबुख यांचा युक्तिवाद सर्वमान्य व्हायला पुढे बराच काळ जावा लागला.

हॅल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमधील सधन व्यापारी कुटुंबात झाला. येल महाविद्यालयात त्यांची ओळख होती ती फुटबॉल संघाचा कप्तान म्हणून. अभ्यासाशी त्यांचे विशेष सख्य नव्हते. शेवटच्या वर्षी शरीररचनाशास्त्राचा एक ग्रंथ विकत घेतला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. १८७७ मध्ये वैद्यकीय पदवी मिळविल्यावर ते युरोपात गेले आणि व्हिएन्नासह जर्मनभाषक प्रदेशांतील नामवंत शल्यविशारदांच्या हाताखाली दोन वर्षे शिकले. परतल्यावर न्यूयॉर्कमध्ये त्यांचा व्यवसाय वाऱ्याच्या वेगाने वाढला. जंतुसंसर्ग टाळण्याच्या नव्या पद्धतींवर त्यांचा इतका कटाक्ष होता की, बेलव्ह्यू रुग्णालयातील इतर डॉक्टरांच्या हलगर्जीपणापासून आपले रुग्ण दूर राहावेत म्हणून त्यांनी रुग्णालयाच्या आवारात शस्त्रक्रियेसाठी स्वतंत्र तंबू उभारून घेतला. प्रसूतीनंतर अतिरक्तस्रावाने अत्यवस्थ झालेल्या बहिणीला त्यांनी स्वतःच्या शिरेतील रक्त काढून दिले, तेही रक्तगटांचा शोध लागण्यापूर्वी. ती वाचली, यात दैवाचा वाटा मोठा होता.

१८८४च्या सप्टेंबरमध्ये कार्ल कोलर यांचा शोध जाहीर झाला : कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर होतो. हॅल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लगेच प्रयोग सुरू केले. मज्जातंतूजवळ कोकेन टोचल्यास तो ज्या भागाला संवेदना पुरवतो तो भाग बधिर होतो, हे त्यांनी दाखवून दिले. दात काढताना आज जबड्यात सुई टोचून जी बधिरता आणली जाते, तिचे मूळ या कामात आहे. मात्र प्रयोगाचे प्राणी ते स्वतःच होते. कोकेनच्या घातकतेची कल्पना तेव्हा फारशी कोणालाच नव्हती. सहकाऱ्यांपैकी काही जण व्यसनात सापडून लवकर गेले. हॅल्स्टेड यांचा १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेला कोकेनवरील लेख वाचला, तर वाक्यांचा मेळ बसत नाही. त्यांची अवस्था त्या लेखातच उघडी पडली आहे. १८८६ मध्ये त्यांना ऱ्होड आयलंडमधील बटलर रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे कोकेनचा जोर कमी करण्यासाठी मॉर्फिन दिले गेले आणि एका व्यसनाच्या जागी दुसरे जडले. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा अनेक महिने तेथे काढावे लागले.

या अवस्थेत त्यांना हात दिला तो विल्यम वेल्श या विकृतिशास्त्रज्ञ मित्राने. बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाची उभारणी चालू होती. वेल्श यांनी हॅल्स्टेड यांना आपल्या प्रयोगशाळेत ठेवून घेतले. आतड्याला टाके घालताना त्याच्या अस्तराखालील चिवट थराचा आधार घेतला नाही तर टाका टिकत नाही, हे त्यांनी तेथेच प्राण्यांवरील प्रयोगांतून सिद्ध केले. रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले, त्यानंतर ते मुख्य शल्यविशारद आणि १८९२ मध्ये प्राध्यापक झाले. न्यूयॉर्कचा झपाट्याने शस्त्र चालविणारा, मैफलींत रमणारा तरुण मात्र परतला नाही. बाल्टिमोरला दिसले ते अबोल, एकलकोंडे आणि शस्त्रक्रियेत विलक्षण संथ असलेले गृहस्थ. मॉर्फिन सुटले आहे असे बहुतेकांना वाटत होते. रुग्णालयातील सहकारी विल्यम ऑस्लर यांना सत्य ठाऊक होते. त्यांनी ते लिहून मोहोरबंद ठेवले आणि ते जगापुढे आले १९६९ मध्ये. तीन दशकांहून अधिक काळ हॅल्स्टेड त्या औषधावर अवलंबून राहून शस्त्रक्रिया करीत होते, हे त्यानंतर मान्य करावे लागले. त्यांच्या थोरवीचे दाखले देताना हे सांगण्याचे टाळणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

त्यांच्या संथपणामागे एक विचार होता. भूल देण्याची सोय नसताना शल्यविशारदाची कीर्ती वेगावर ठरत असे. पाय किती क्षणांत कापला याची वर्णने होत. भूल आल्यानंतरही ती घाई गेली नव्हती. हॅल्स्टेड यांनी प्रत्येक रक्तवाहिनी चिमट्यात धरून बारीक रेशमी धाग्याने बांधण्याचा, ऊती अलगद हाताळण्याचा आणि जखम थरावर थर जुळवून शिवण्याचा आग्रह धरला. अशा जखमा स्वच्छ भरतात, हे रुग्णांच्या प्रकृतीतून दिसू लागले. पित्तनलिकेसारखी नाजूक, पोकळ नळी शिवताना तिला आतून आधार मिळावा म्हणून त्यांनी इवल्याशा हातोडीच्या आकाराची साधने बनवून घेतली होती. मात्र त्यांची प्रत्येक पद्धत काळाच्या कसोटीस उतरली असे नाही. स्तनाच्या कर्करोगात छातीचे स्नायूही कापून काढण्याची त्यांची शस्त्रक्रिया अनेक दशके प्रमाण मानली गेली आणि असंख्य स्त्रियांना तिचे विरूप परिणाम सोसावे लागले. नंतरच्या अभ्यासांनी तिची गरज नसल्याचे दाखविले.

रबरी हातमोज्यांची कथा निराळी. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांना पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणाने पुरळ येऊ लागले. १८८९-९०च्या हिवाळ्यात हॅल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ मोजे बनवून घेतले. हेतू त्वचा वाचविण्याचा होता, जंतू रोखण्याचा नव्हे. जून १८९० मध्ये दोघांचा विवाह झाला. मोज्यांनी रुग्णांच्या जखमा चिघळणे कमी होते, हे नंतर त्यांचे शिष्य जोसेफ ब्लडगुड यांनी आकडेवारीनिशी मांडले. खुद्द हॅल्स्टेड यांना हे सुरुवातीलाच कसे सुचले नाही, याचे पुढे त्यांनाच नवल वाटत असे.

पदवीनंतर तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच राहून, वर्षागणिक वाढती जबाबदारी घेत शस्त्रक्रिया शिकावी, ही पद्धत त्यांनी जर्मनीतून आणून अमेरिकेत रुजविली. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे हार्वी कुशिंग आणि वॉल्टर डँडी हे त्यांच्याच तालमीत घडले. भारतातील सरकारी रुग्णालयांत रात्रपाळी करणारा निवासी डॉक्टर त्याच परंपरेचा धागा पुढे नेतो.

साठी उलटल्यावर हॅल्स्टेड यांना स्वतःलाच पोटाच्या कळा येऊ लागल्या. १९१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्येच त्यांचे सहकारी रिचर्ड फॉलिस यांनी त्यांचे पित्ताशय काढले. त्या काळी यासाठी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे आणि रुग्ण कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून राही. आज हीच शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होते. जर्मनीतील एरिक म्युहे यांनी १९८५ मध्ये तिचा आरंभ केला आणि भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उडवाडिया यांनी ती प्रथम केली. रुग्णाला पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, साधारण चार लहान छिद्रांतून कॅमेरा आणि अवजारे आत घालतात, पित्ताशयाची नळी व रक्तवाहिनी चिमट्यांनी बंद करून पिशवी बाहेर काढतात. बहुतेकांना त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी घरी जाता येते. उरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो. रुग्ण त्याने घाबरतात, पण ते आपोआप थांबते. सूज फार असेल किंवा रचना नीट दिसत नसेल, तर शल्यविशारद मोठा छेद घेतो. तो अपयशाचा नव्हे, सावधगिरीचा निर्णय असतो. पिशवी गेली तरी यकृत पित्त बनवीतच राहते आणि ते थेट आतड्यात झिरपते, म्हणून जन्मभर पथ्याची गरज बहुतेकांना पडत नाही. काहींना काही आठवडे तेलकट खाल्ल्यावर जुलाब होतात, इतकेच.

परंतु पित्ताशय काढले म्हणजे पित्तखड्यांचा प्रश्न संपतोच असे नाही. एखादा खडा आधीच निसटून मुख्य पित्तनलिकेत गेलेला असू शकतो, किंवा नलिकेतच नवा तयार होऊ शकतो. हॅल्स्टेड यांच्या बाबतीत तेच घडले. १९२२च्या उन्हाळ्यात वेदना परतल्या आणि मुख्य नलिकेत खडा असल्याचे दिसून आले. जॉर्ज ह्यूअर आणि माँट रीड हे त्यांचे माजी निवासी डॉक्टर आता सिनसिनाटीत होते. त्यांनी येऊन आपल्या गुरूवर शस्त्रक्रिया केली. ज्यांनी त्यांना शस्त्र धरायला शिकविले, तेच टेबलावर होते. हात शिकविलेले होते, पण प्रतिजैविके नव्हती, अतिदक्षता विभाग नव्हता, आणि नलिकेतील खडा पोट न उघडता काढण्याचा मार्गही नव्हता. तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेचे तोंड रुंद करून खडा काढण्याची पद्धत १९७४ मध्ये आली. ईआरसीपी या नावाने आज मोठ्या शहरांतील रुग्णांना ती परिचित आहे. आता पित्ताशय काढण्यापूर्वी सोनोग्राफी आणि यकृताच्या रक्तचाचण्या करतात, त्या नलिकेत काही लपले आहे का हे पाहण्यासाठीही असतात. आणि शस्त्रक्रियेनंतर डोळे पिवळे होणे, थंडी वाजून ताप येणे किंवा पोटदुखी वाढत जाणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे मानली जातात.

शस्त्रक्रियेनंतर हॅल्स्टेड यांना न्यूमोनियाने गाठले आणि त्यांची प्रकृती ढासळत गेली. सत्तरावा वाढदिवस सोळा दिवसांवर असताना त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांना अपत्य नव्हते. नॉर्थ कॅरोलिनातील डोंगरांत हाय हॅम्प्टन नावाची त्यांची जागा होती. पतिपत्नी उन्हाळा तेथे घालवीत आणि हॅल्स्टेड डेलियाची झाडे जपत. त्या वर्षी कॅरोलिन यांनी पतीनंतर तीन महिनेही काढले नाहीत. नोव्हेंबरमध्ये त्याही गेल्या. पुढे हाय हॅम्प्टनचे अतिथिगृह झाले.