अहिल्याबाईंचा न्याय

धार-सरदारपूरकडून विंध्य उतरला की नर्मदाकाठी महेश्वर लागते. अहिल्याबाईंची ही राजधानी. काशी-सोमनाथची त्यांची देवळे सर्वांस ठाऊक आहेत. त्यांचे वैधव्य मात्र फारसे कोणी आठवीत नाही. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती पडले. पदरी दोन मुले होती. मल्हाररावांनी सती जाऊ दिले नाही.

पुढे त्यांच्या कारकिर्दीत इंदूरचा सावकार देवचंद निपुत्रिक वारला आणि त्याच्या धनावर तुकोजी होळकरांची नजर गेली. विधवेने दाद मागताच बाईंनी वस्त्रे देऊन तिलाच मालकीण ठरविले व तुकोजींस इंदुराजवळचा तळ हलविण्यास फर्माविले. आपल्याच सेनापतीस दुखविणे सोपे नव्हते!

महेश्वरच्या विणकरांसही त्यांनी आश्रय दिला. १९७०च्या दशकाअखेर तेथे निघालेल्या रेहवा संस्थेच्या मागांवर कित्येक स्त्रियांनी संसार सावरले.