मोजणीदार कर्नल आणि माळावरचा चंडोल

बिरसी म्हटले की गोंदिया जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला विमानतळ आठवतो. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या मजसारख्याला त्या वाटेने जाताना महसुली दप्तरातला ‘पडीक’ हा शेरा आठवतो. ज्या जमिनीतून धान्य वा सारा येत नाही तिचे मोल शून्य, असे मानणारी ही दृष्टी जुनीच आहे. परंतु तिच्याच दरबारात चाकरी केलेल्या एका इंग्रजाने नेमके अशा उजाड माळांकडे डोळसपणे पाहिले होते.

विल्यम हेन्री साइक्स 1790 मध्ये जन्मला आणि कोवळ्या वयातच कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाला. पेशवाईच्या अखेरच्या युद्धात तो खडकीला लढला. 1824 मध्ये एल्फिन्स्टनने त्याला दख्खनचा सांख्यिकी अहवाल तयार करण्यास नेमले. माणसे, पिके, पाऊस, बाजारभाव यांची नोंद करता करता साइक्स पक्षीही मोजू लागला. 1829 मध्ये काटकसरीची लाट आली आणि त्याचे पद रद्द झाले. (मोजणीवर पहिली कुऱ्हाड पडण्याची रीत आजची नव्हे!) साइक्सने रजा काढून काम पुरे केले आणि 1831 मध्ये मायदेश गाठला.

पुढच्याच वर्षी त्याने दख्खनच्या दोनशेहून अधिक पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. तुरेवाल्या एका चंडोलाला त्याने ‘देवा’ असे शास्त्रीय नाव दिले, तर वटवट्याच्या कुळातील एका चिमुकल्या पाहुण्याला ‘रामा’. डार्विनचा उत्क्रांतिग्रंथ तेव्हा सत्तावीस वर्षे दूर होता. तरीही साइक्सच्या नोंदींत त्या सिद्धान्ताचा कच्चा माल आहे. तुरेवाले तीन आप्त चंडोल घ्या: पश्चिम घाट व किनाऱ्याचा मलबारी, उत्तरेच्या मैदानांतला थोराड आणि फिकट, नि द्वीपकल्पाच्या कोरड्या, खडकाळ माळावरचा लहानखुरा, तांबूस पोटाचा ‘देवा’. जणू भाऊबंदांनी वाटण्या केल्या. ज्याच्या वाट्याला जशी जमीन, तसा त्याचा रंग. ‘रामा’ची कथा याहून सूक्ष्म. दुसऱ्या एका वटवट्याशी त्याचे इतके साम्य की दीर्घकाळ दोघांना एकच जात गणले गेले; आवाज, वीण आणि आनुवंशिक द्रव्य तपासल्यावर एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्याला स्वतंत्र जात मानण्यात आले. दोघेही मध्य आशियाकडून हिवाळ्यात भारतात उतरतात.

साइक्स पुढे कंपनीचा अध्यक्ष, पार्लमेंटचा सभासद आणि लंडनच्या सांख्यिकी संस्थेचा अध्यक्ष झाला. 1872 मध्ये तो निवर्तला.

‘देवा’ भारताबाहेर कोठेही आढळत नाही, आणि ज्या माळावर तो घरटे करतो त्याला दप्तर आजही पडीकच म्हणते. पूर्व विदर्भातील झुडपी जंगल वन म्हणूनच गणावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिला. तेथे काय जगते याची यादी मात्र न्यायालय करणार नाही. गोंदियातील महाविद्यालयांनी येत्या हिवाळ्यात आपापल्या गावच्या झुडपी जमिनीवर ती करावी. एक दुर्बीण आणि एक वही एवढ्या भांडवलावर हे काम सुरू होऊ शकते.